वाऱ्याला पुरेल अशी काठी

पहिलं पार्सल आलं तेव्हा मला वाटलं, कुणी ट्यूबलाइट पाठवली. माझ्या कमरेला लागेल एवढी उंच गोल नळी, दोन्ही टोकांना चिकटपट्टी. कुरियरवाला सदू आमच्या गल्लीत रोज येतो, पण माझ्याकडे नाही, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूंकडे. त्या दिवशी तो माझ्या दारात थांबला.

"आजी, तुमच्याच पत्त्यावर आहे. सही करा."

"आजी कुनाची रे? तुजे केस माझ्याहून पांढरे."

सही केली. माझी शाळा दुसरीपर्यंत, पण पुतळा हे नाव मी कुणाच्या मदतीशिवाय लिहिते. अंगठा जन्मात एकदाच दिलाय, जमिनीच्या कागदावर, आणि तोही सासऱ्यांनी हात धरून टेकवला म्हणून.

दहा मिनिटांत धनेशचा फोन. "आये, नळी आयली का? उघडू नको. रविवारी येतो."

धनेश माझा मुलगा. खारघरला राहतो, बाविसाव्या मजल्यावर. तळवलीहून खारघर काही परदेशात नाही, गाडीने पाऊण तास. पण तो यायचा गणपतीला, गावदेवीच्या जत्रेला, आणि बिल्डिंगची टाकी गळली की. बाकी वेळी फोन. फोनवर पण "जेवलीस का" आणि "गोळी घेतलीस का", की झालं. मी पण "घेतली" एवढंच सांगायची. मागून घेणाऱ्यातली मी नव्हे. तीन मजली घर माझ्या नावावर आहे, भाडेकरू मला बघून आवाज खाली करतात, मला कुणाची काय गरज.

रविवारी मात्र मी पहाटेच तांदळाचं पीठ मळायला घेतलं.

तो आला, चपला काढायच्या आधी नळी हातात घेतली. आतून काठीचे चार तुकडे निघाले. एकात एक बसवत गेला तशी काठी वाढत वाढत छतापर्यंत गेली, बोटाएवढ्या बुडाची आणि शेवटी उदबत्तीएवढी बारीक. मग एक चरखी, मग पिवळी दोरी.

"ह्याच्यानं काय मारनार? पाल?"

"मासा, आये. ट्राउट नावाचा. हिमाचलात तीर्थन नावाची नदी हाय, बरफाचं पानी. मे महिन्यात मी आनि अभिराम चाललोय."

अभिराम म्हणजे त्यांच्या टॉवरमधला शेजारी. पुण्याकडचा, दाढीवाला, मला वाकून नमस्कार करणारा. त्याला मी नावं ठेवत नाही.

"आनि आमिष काय? कोलंबी?"

"आमिष नसतं. खोटी माशी. पिसाची आनि दोऱ्याची बनवतात. ती पान्यावर टाकायची, माशाला वाटतं खरी हाय."

"आनि तो फसतो?"

"फसतो."

"मंग तो तुमच्या हापिसातलाच असंल."

धनेश हसला. खूप दिवसांनी माझ्या स्वयंपाकघरात कुणी हसलं. मग तो म्हणाला, मासा धरला की फोटो काढायचा आणि परत सोडून द्यायचा. मी भाकरी थापायची थांबले. ह्या हातांनी मी पन्नास वर्षं बोयटं, निवट्या, चिंबोऱ्या साफ केल्या, खाडीतून आलेला एक जीव परत पाठवला नाही. म्हटलं, "सोडायचाच हाय तर जातंस कनाला एवढ्या लांब?"

त्याने चरखी हातात फिरवली. म्हणाला, "पान्यात उभं ऱ्हायचंय, आये. बस."

मी भाकरी तव्यावर टाकली.

पार्सल माझ्याकडे का, तेही कळलं. त्यांच्या टॉवरची गच्ची सोसायटीने कुलूप लावून ठेवलीय, आणि ही काठी फिरवायला मोकळी जागा लागते. माझी गच्ची मोकळी. वाळवणाची खाट आणि कपड्याच्या दोऱ्या, एवढंच. शिवाय मी दिवसभर घरात, पार्सल घ्यायला माणूस आयता.

वर गेलो. तीन वाजले की आमच्याकडे खाडीवरून वारा सुटतो. आता मध्ये एवढ्या इमारती झाल्या तरी तो वाट काढतो. धनेश म्हणाला, तिथेही दुपारनंतर दरीतून असाच वारा येतो, सगळे त्यालाच घाबरतात. गळाच्या जागी त्याने लोकरीचा तुकडा बांधला, डोळ्यात जाऊ नये म्हणून. काठी मागे नेली, पुढे फेकली. दोरी हवेत गेली, वाऱ्याने तिला धरलं, आणि लोकर येऊन त्याच्याच कानाला चिकटली.

"ही चार नंबरची हाय," तो म्हणाला. "दोरी पन चार नंबर. माशीला वजनच नसतं, आये. दोरीच्या वजनावर ती पुढं जाते."

"मंग दोरी जड पायजे. तुझ्या बापाकडं दोन पाग होते, इसरलास काय? एक रोजचा, एक वाऱ्याचा. वाऱ्याच्या पागाला शिसाचे मनी दुप्पट."

पाग म्हणजे फेकायचं गोल जाळं. धनेशच्या बापाने ते टाकलं की पाण्यावर ताट मांडल्यासारखं पडायचं. धनेशने फोनवर काहीतरी वाचलं आणि माझ्याकडे बघितलं. "तू बोलतेस तेच लिहिलंय इथं. वाऱ्यात जड, सहा नंबर घ्या. तुना कसं गं माहीत?"

"वारा काय फोनमधनं येतो?"

त्याने तिथेच उभं राहून चार नंबर परत पाठवायला लावली आणि सहा नंबर मागवली. निघताना जिन्यातून म्हणाला, "पुढच्या रविवारी बघू."

त्या दिवशी मी खरं बोलले होते. हे आधी सांगून ठेवते.

दुसऱ्या रविवारी सहा नंबर. मी सुक्या जवळ्याचं कालवण केलं होतं, त्याला लहानपणी आवडायचं. तीन वाजता वर गेलो. त्याने काठी उचलली, आणि मी खाटेवर बसले होते तिथेच बसून राहिले.

फेकताना तो कमरेतून फिरला. डावा खांदा खाली गेला, उजवा हात वळून पुढे गेला, आणि शेवटी पंजा उघडला, जसं काही हातातून सोडून देतोय. तो त्याच्या बापाचा हात होता. जसाच्या तसा. बारा वर्षांचा असताना त्याला खाडीवर नेऊन बापाने पाग टाकायला शिकवला होता. मग खाडीत भराव पडला, जमिनी गेल्या, बाप कंपनीत वॉचमन झाला, पाग माळ्यावर गेला. मुलगा शिकला, कॉम्प्युटरवर बसला. आणि तीस वर्षांनी तो हात माझ्या गच्चीवर आला. त्याला स्वतःला त्याचा पत्ता नव्हता.

दोरी मात्र पुढे जाऊन मेल्यासारखी खाली पडत होती. दहा वेळा टाकली, दहा वेळा पडली.

सुचिताचा फोन आला, माझ्या सुनेचा, म्हणून तो खाली गेला. गच्चीवर फोन वाजतो, पण बोलणं तुटतं. काठी खाटेला टेकलेली. मी इकडे-तिकडे बघितलं आणि उचलली. मला काठी फेकता येत नाही, पण ओली चादर झटकता येते. चादर झटकताना हात पुढे नेत राहिलं तर चादर नुसती लोंबते. हात मध्येच एकदम थांबवला की टोक फट्‌ करून उडतं. तेवढंच केलं. मागे नेली, थांबवली. पुढे आणली, थांबवली. पिवळी दोरी वाऱ्याच्या तोंडावर सरळ गेली आणि लोकर पाण्याच्या टाकीवर जाऊन टेकली.

काठीत काही खोट नव्हती. खोट हातात होती, सोडून देणाऱ्या हातात. पाग सोडायचा असतो. काठी थांबवायची असते.

मी दोरी गुंडाळली आणि खाटेवर येऊन बसले.

तो वर आला. "आये, कशी वाटते ही?"

आता बघा. मी म्हटलं असतं, चांगली आहे, हात असा थांबव, तर पाच मिनिटांत काम संपलं असतं. तो काठी घेऊन खारघरला गेला असता, आणि पुढचा रविवार मी आणि टीव्ही.

मी म्हटलं, "नाय. ही पन नाय. मूठ जड, टोक हलकं."

त्याने मान हलवली. पहिल्या वेळी मी बरोबर निघाले होते ना, म्हणून. "मंग ही राहू दे तुझ्याकडं. अभिरामला देईन. दुसरी मागवतो."

मी भिंतीला खिळा मारून ती काठी टांगली.

त्यानंतर आठ नंबर आली. ती धनेशच्या हाताला अर्ध्या तासात रग लावून गेली. मी म्हटलं, ही म्हशी हाकायला ठेव. मग पुन्हा सहा, पण दुसऱ्या कंपनीची आणि वीतभर लांब. मी म्हटलं, लांब काठीला वारा जास्त लागतो. मग दोरी बदलली, पुढून जाड आणि मागून बारीक. मग चरखी. मग माश्यांची डबी आली, कप्प्याकप्प्यात पिसं आणि चमकीचे दोरे. मी एक तपकिरी उचलून म्हटलं, ह्यातली ही एक खरी वाटते, बाकीच्या लग्नाला चालल्यात. सदू आता माझ्या दारात आधी थांबायचा, मग वर जायचा. वरची भाडेकरीण मला म्हणाली, "काकी, तुम्ही ऑनलाइन खूप घेता." मी म्हटलं, "घेते. तुझं काय जातं?"

सहा रविवार झाले. भिंतीवर चार खिळे, तीन काठ्यांचे आणि एक चरखीचा. धनेश सकाळीच यायचा, दुपारी माझ्याकडेच पाठ टेकायचा, तीन वाजले की आपोआप उठायचा. मी खाटेवर बसून त्याच्या बापाचा हात बघायची. वारा आला की शर्ट पाठीवर फुगायचा, तोही तसाच. खोटं बोलल्याचं मला काही वाटत नव्हतं, हे पण सांगून टाकते. वाटायला हवं होतं.

मे महिना लागला आणि मंगळवारी सुचिताचा फोन आला. सुचिता साताऱ्याकडची. मला आई म्हणते, तुम्ही-आम्ही करते. आमचं भांडण होत नाही, कारण तेवढं बोलणंच होत नाही.

"आई, एक विचारू का? रागावणार नसाल तर."

"इचार."

"यांचं जायचं तिकीट पुढच्या शनिवारचं आहे. हे म्हणतात, रद्द करतो. काल संध्याकाळी अभिराम भाऊजींबरोबर, त्यांचीच काठी घेऊन, तलावावर सरावाला गेले होते. तिथे चार पोरं बघत होती, हसली म्हणे. घरी आले तेव्हापासून म्हणतायत, माझ्याच्याने नाही होणार, आईने पण सांगितलंय एकही काठी धड नाही."

मी फोन दुसऱ्या कानाला धरला.

"आई, ऐकताय ना? इतकी वर्षं ते ऑफिस आणि घर सोडून कुठे गेले नाहीत. मामंजी गेल्यावर तर पाण्याकडे बघायचेही नाहीत. ह्या खेपेला स्वतःहून म्हणाले, मला जायचंय. तुम्ही त्यांना जरा समजावाल का? तुमचं ते ऐकतात."

"बगते," म्हटलं आणि फोन ठेवला.

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिकीट रद्द झालं तर काय होईल, हे मी नीट मांडून बघितलं. मुलगा इथेच राहील. पण काठी नको झाली तर गच्चीही नको. आणि समजा तरी आला, दर रविवारी आला, तर कसला येईल? हरलेला. माझ्यामुळे हरलेला. बापाने त्याला पाण्यात उभं केलं होतं आणि आईने बाहेर काढलं, असं होईल ते.

रविवारी तो आला तो रिकाम्या हाताने. पार्सल नव्हतंच काही. पानातला जवळा चिवडत म्हणाला, "आये, मी नाय जात. त्या काठ्या मी घेऊन जातो, अडगळ झाली तुना."

"जेव आनि वर ये."

मी आधीच वर जाऊन बादलीत चादर भिजवून ठेवली होती. तो आल्यावर पिळून त्याच्या हातात दिली. "झटक."

"काय?"

"चादर झटक. लहानपनी झटकायचास ना माझ्याबरोबर?"

त्याने झटकली. फट्‌ आवाज आला, पाणी उडालं.

"हात कुटं थांबला?"

त्याने हाताकडे बघितलं. पुन्हा झटकली. पुन्हा बघितलं. तेवढ्यात मी खिळ्यावरची सहा नंबर आणली, दुसऱ्या रविवारची. दोरी मी सकाळीच ओवली होती, मला येत होतं ते आता. "आता ही झटक. फेकू नको. झटक आनि थांब."

तीन वाजून गेले होते, वारा समोरून होता. त्याने काठी मागे नेली, थांबवली, पुढे आणली, थांबवली. दोरी सुतासारखी गेली. लोकर टाकीच्या पलीकडे, गच्चीच्या कठड्यावर जाऊन बसली.

पाच-सहा वेळा त्याने टाकली. प्रत्येक वेळी गेली. तो हसेल असं मला वाटलं होतं. तो हसला नाही.

"तुझा हात बापाचा हाय," मी म्हटलं. "पाग सोडतो तसा काठी सोडत होतास. काठीला काय झालं नव्हतं."

"हीच ती ना? दुसऱ्या रविवारची?"

"हीच."

"तुना कवापासून माहीत?"

खोटं एव्हाना तोंडात तयार होतं. ते मी गिळलं. "त्याच रविवारपासून. तू खाली फोनवर होतास तवा मी टाकून बघितली."

त्याने काठी खाटेवर ठेवली. कठड्याशी जाऊन उभा राहिला, माझ्याकडे पाठ करून. "लोकांनी माझं हसं केलं, आये. तलावावर."

"सुचितानं सांगितलं."

"मंग बोलली का नायस?"

"बोलले असते तर त्याच रविवारी तुझं काम झालं असतं."

एवढंच बोलले. पुढचं त्याने लावायचं ते लावलं असेल. लहान नाही तो, त्याच्या कानशिलांवरही आता पांढरे आलेत. त्याने काठ्यांचे तुकडे सुटे केले, नळ्यांत भरले, चारही खिळे रिकामे केले. मी भाकऱ्या फडक्यात बांधून दिल्या. त्या त्याने घेतल्या. जिन्यात वळून बघितलं नाही, पण भाकऱ्या घेतल्या.

शनिवारी ते दोघे गेले. मला सुचिताने सांगितलं.

पुढच्या रविवारी मी तीन वाजता गच्चीवर गेले, सवयीने. कपडे नव्हते वाळत घातलेले, काम काही नव्हतं. वारा आला. मग आठवलं की गच्चीवर बोलणं तुटतं, म्हणून जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर येऊन बसले. कशाला बसले, मलाच ठाऊक.

साडेतीनला फोन वाजला.

"आये, ऐकतेस? वारा हाय, लय वारा. सरळ तोंडावर. चादरीसारखं करतोय तरी वरच्या वर उचलून नेतोय."

त्याच्या मागे पाण्याचा आवाज होता. खाडीचा नव्हे, दगडांवरून धावणाऱ्या पाण्याचा.

"उभ्यानं टाकू नको. वाक. वरती वारा जोरात असतो, पान्याच्या अंगाला कमी. हात आडवा ने, पान्याला समांतर. आनि थांबव."

"थांब, फोन दगडावर ठेवतो."

ठेवला. मी फोन कानाला दाबून धरला. नदी ऐकू येत होती, वारा ऐकू येत होता. मग दोरीचा सूं असा आवाज आला. मग पुन्हा. माझा उजवा हात मांडीवरून उठून आडवा झाला होता, ते मला नंतर दिसलं. मग कुणीतरी ओरडलं, अभिराम असावा, आणि फोन कटला.

मी लावून बघितला. लागला नाही. दिवेलागण होईपर्यंत पायरीवर बसले. वरची भाडेकरीण उतरली, म्हणाली, "काकी, बरं वाटत नाही का?" मी म्हटलं, "वाटेत बसलेय का तुझ्या? जा."

चार दिवसांनी तो खारघरहून बोलला. दोन मासे धरले, दोन्ही सोडले. पाणी इतकं थंड की गुडघे बधिर झाले. वाकून आडवा हात केल्यावर दोरी पहिल्यांदा गेली तेव्हा अभिरामच ओरडला होता. हे सगळं त्याने भराभर सांगितलं, लहानपणी सांगायचा तसं. मग म्हणाला, "जेवलीस का?"

"जेवले."

"गोळी?"

"घेतली."

"येतो एकदा," तो म्हणाला.

रविवारी येतो, म्हणाला नाही. एकदा. एकदाला वार नसतो.

राग उतरला असेल त्याचा. की उतरला नसेल, कुणास ठाऊक. मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. आता पावसाळा तोंडावर आला, खाडीचा वारा दिशा बदलतोय. भिंतीवरचे खिळे मी काढले नाहीत, उगाच भिंतीला भोकं कशाला. एकावर पिशवी टांगते. तीन तसेच आहेत.

काल दुपारी गेटचा आवाज आला म्हणून मी दार उघडून उंबऱ्यात उभी राहिले. सदू होता. हातात दोन खोकी, त्यावर वरच्यांची नावं. मला बघून तो थांबला, पिशवीत उगाच हात घालून बघितला.

"आजी, आज तुमचं काही नाही."

"मी इचारलं का तुना?" म्हटलं.

तो वर गेला. दार मात्र मी उघडंच ठेवलं, वारा येतो म्हणून.